एकच द्राक्ष, तोडणीच्या वेळा अनेक

मैत्रिणींनो, तोडणीचा दिवस चुकला की काय होतं, हे बागेत राबणाऱ्या आपल्याला ठाऊक आहे. जर्मनीत मोझेल नदीकाठी तर त्यावर वाइनचा प्रकारच ठरतो. तिथलं द्राक्ष रीसलिंग: बारीक मण्यांचं, फुलांच्या वासाचं. पाटीच्या दगडाचे उभे उतार, त्यामुळे बरंचसं काम हातानंच.

लवकर तोडलं तर वाइन हलकी, आंबटसर. थांबलं तर साखर वाढते. ती सगळी आंबू दिली की वाइन कोरडी, मधेच आंबणं थांबवलं की गोड. आणखी थांबलं तर एक बुरशी धरते, मणी बेदाण्यासारखे सुकतात आणि त्यांची मधासारखी दाट, महागडी वाइन होते. (आपण बुरशी दिसली की फवारणीला धावतो!)

सगळ्यात जोखमीची बर्फवाइन. घड हिवाळ्यात वेलीवरच ठेवायचे, उणे ७ अंशांवर गोठले की तोडून तसेच पिळायचे. पाण्याचा बर्फ मागे राहतो, गोड रस तेवढा उतरतो. तोवर पाखरं, कूज, पाऊस सोसायचा. २०१९ च्या पिकाला तर तेवढी थंडी जवळजवळ कुठंच पडली नाही. राखलेल्या घडांची बर्फवाइन झालीच नाही.