गोटीसोड्याची बाटली : काचेची साक्ष

जुने घर उतरवावयास घेतले, की माळ्यावरून पितळी समया, फुटके आरसे आणि धुळीने माखलेल्या बाटल्या खाली येतात. समया कोणी टाकीत नाही. बाटल्या मात्र भंगारात जातात. त्यांतलीच एखादी पुढे जुन्या बाजारात शंभर वर्षांची म्हणून भारी किमतीस विकली जाते, आणि कधी कधी अगदी अलीकडे तयार झालेली बाटलीही त्याच बोलीवर खपते. पहिल्या व्यवहारात घरमालक फसतो, दुसऱ्यात गिऱ्हाईक. दोघांनीही विक्रेत्याच्या कथेपेक्षा काचेची साक्ष ऐकावी, हे श्रेयस्कर.

उदाहरणादाखल गोटीच्या सोड्याची बाटली घेऊ. पूर्वी सोडावॉटरच्या बाटलीला बूच असे. ते वाळून आकसले, की वायू निसटे. म्हणून काही बाटल्यांचे बूड मुद्दाम अंड्यासारखे गोल ठेवीत. अशी बाटली उभी राहत नसे. ती आडवी ठेवावी लागे आणि बूच ओले राही. हायरम कॉड या इंग्लिश अभियंत्याने बुचालाच रजा दिली. १८७२ साली त्याने पेटंट घेतलेल्या बाटलीच्या तोंडाशी आतून रबराचे कडे व गळ्यात काचेची गोटी असे. बाटली उलटी धरून भरीत. गोटी कड्यावर बसे आणि सोड्यातील वायूचा दाबच तिला तेथे घट्ट रेटून धरी. गोटी मिळविण्यासाठी मुलांनी अशा कितीतरी बाटल्या फोडल्या.

आता परीक्षा कशी करावी? प्रथम साच्याच्या सांध्याची रेघ पाहावी. ती बाटलीच्या ओठावरून आरपार गेली असेल, तर बाटली बहुधा यंत्राची, म्हणजे विसाव्या शतकातील होय. कारण ओवेन्सचे स्वयंचलित बाटलीयंत्र अमेरिकेत १९०३ च्या सुमारास आले. रेघ ओठाखालीच थांबली, तर तोंड हाताने घडविलेले असते. बुडाशी काचेचा खरबरीत व्रण असल्यास, बाटली लोखंडी सळईवर धरून तोंड घडविल्याची ती खूण; असे व्रण बहुतांशी १८६० पूर्वीच्या बाटल्यांवर आढळतात.

परंतु गोटीच्या बाटलीबाबत या नियमावर एकट्याने विसंबू नये. तिच्यात आधी गोटी टाकून मग गळा आवळावा लागतो. त्यामुळे हातकाम पुष्कळ काळ टिकले. भारतात अशा बाटल्या आजही तयार होतात. म्हणून झीज तपासावी. खऱ्या वापराचे ओरखडे बुडावर व खांद्यावर, जेथे बाटली पेटीस व दुसऱ्या बाटलीस घासे तेथे, वेड्यावाकड्या दिशांनी असतात. एकाच दिशेचे सारखे ओरखडे दिसले, तर कोणीतरी वाळूकागद फिरविला असण्याचा संभव फार. बाटलीवर पेटंटचे साल असले, तरी ते बाटलीच्या जन्माचे साल नव्हे. ती त्यापूर्वीची नाही, एवढेच त्यावरून कळते.

किंमत केवळ वयावर ठरत नाही. फिकट हिरवट-निळसर गोटीच्या बाटल्या विपुल, म्हणून त्या सहसा स्वस्त. गडद निळी किंवा तपकिरी दुर्मिळ, म्हणून महाग. ओठाचा टवका वा अंगावरील तडा मोल झपाट्याने उतरवितो. विक्रेता मागतो तो भाव प्रमाण मानू नये; तशाच बाटलीस लिलावात प्रत्यक्षात काय मिळाले, ते पाहावे.

सर्वांत मौल्यवान असतात उठावाची अक्षरे. लहान गावाच्या सोडा कारखान्याचे नाव कित्येकदा दप्तरात उरलेले नसते, ते बाटलीवर मात्र राहते. म्हणून वाळूने वा तेजाबाने घासू नये. कोमट पाणी आणि मऊ कुंचला पुरे. कढत पाण्याने जुनी काच तडकू शकते.

शेवटी एक साधे काम करावे. बाटली कोणत्या घरात, कोणत्या गावी सापडली, हे चिठ्ठीवर लिहून तिच्याबरोबर ठेवावे. काच आपले वय सांगू शकते. आपले घर मात्र तिला सांगता येत नाही.