जुन्या सौर पॅनलमधलं सिलिकॉन पुन्हा शुद्ध कसं होतं?



‘टाकाऊपासून टिकाऊ’ शिकवताना एका मुलाने छपराकडे बोट दाखवलं. “बाई, ते सोलर पॅनल जुनं झाल्यावर कुठं जाणार?” मला लगेच सांगता आलं नाही. म्हणून वाचलं, ते इथे देते.

आधी शुद्धता समजून घेऊ

पॅनलमध्ये सिलिकॉनच्या पातळ चकत्या असतात. सिलिकॉन वाळूतच आहे, पण ऑक्सिजनला घट्ट धरून बसलेलं. भट्टीत कोळशासोबत सुमारे २००० अंश सेल्सिअसला तापवून ते सोडवतात. ते ९८-९९ टक्के शुद्ध असतं. पॅनलला मात्र ९९.९९९९ टक्के लागतं. मुलांना सांगा, दहा लाख तांदळाच्या दाण्यांत फक्त एक खडा! एवढ्या कष्टाने शुद्ध केलेलं सिलिकॉन चकत्या कापताना मोठ्या प्रमाणात भुकटी होऊन जातं.

विजेची मदत

तांब्याचं शुद्धीकरण आठवा. मोरचुदाच्या द्रावणात अशुद्ध पट्टी धन टोकाला, शुद्ध पट्टी ऋण टोकाला. वीज सोडली की तांबं इकडून विरघळून तिकडे बसतं, मळ मागे राहतो.

सिलिकॉनला पाणी चालत नाही, कारण त्याच्याआधी पाण्याचंच विघटन होतं. म्हणून पाण्याऐवजी वितळलेला क्षार घेतात. कचऱ्यातलं सिलिकॉन धन टोकाला लावलं की ते विरघळून ऋण टोकावर जमतं. लोखंड, तांबं मागेच राहतात. ॲल्युमिनियम विरघळतं, पण क्षारातच राहतं.

वाळूतूनही असं सिलिकॉन काढता येतं. २००३ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठातल्या संशोधकांनी ८५० अंशांच्या वितळलेल्या कॅल्शियम क्लोराइडमध्ये क्वार्ट्‌झमधून थेट सिलिकॉन मिळवून दाखवलं. सिलिकॉन १४१४ अंशांना वितळतं, म्हणजे इथे ते घनच राहिलं. ऑक्सिजन तेवढा निघून गेला.

अडचण कुठे आहे?

बोरॉन आणि फॉस्फरस हे दोन पाहुणे सहज निघत नाहीत. शिवाय क्षार गरम ठेवायला ऊर्जा लागते. म्हणून कारखान्यांत अजून प्रामुख्याने सिलिकॉनचं वायुरूप संयुग बनवूनच शुद्धीकरण होतं.

मुलाला काय सांगितलं?

पॅनल साधारण २५ वर्षं चालतं. आपल्या देशात २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनलही आहेत. म्हणून ते भंगारात फोडायचं नाही. डाख दिलेल्या जागी शिसं असू शकतं. अधिकृत संकलनाकडेच द्यायचं.

वर्गात विचारा: शुद्ध वस्तू पुन्हा मळली, तर ती साफ करणं सोपं की नवी बनवणं? मुलांची उत्तरं कमेंटमध्ये नक्की कळवा.