ठोकळ्यांचा गेम मुलाला द्यावा का?

“नुसते ठोकळे रचतोय, मारामारी नाही त्यात,” असे म्हणून एखादी आई निर्धास्त असते. शेजारीण म्हणते, “त्या गेमनेच पोरगं बिघडलं.” बहुतेक वेळा दोघींपैकी कुणीही तो गेम उघडून पाहिलेला नसतो. अप्पर इंदिरानगरच्या गल्लीत एका मोबाइलवर चार मुले वाकलेली दिसली, तर ती काय खेळताहेत हे लांबून कळत नाही. पाच मिनिटे शेजारी बसावेच लागते.

मुले ज्याचे नाव घेतात तो माइनक्राफ्ट मूळचा स्वीडनमधला. २०११ मध्ये तो पूर्ण स्वरूपात आला आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची कंपनी विकत घेतली. माती, दगड, लाकूड यांचे चौकोनी ठोकळे खणायचे आणि रचायचे, एवढाच खेळ. ‘क्रिएटिव्ह’ प्रकारात ठोकळे हवे तेवढे मिळतात आणि कुणी मारायला येत नाही. ‘सर्व्हायव्हल’मध्ये भूक लागते, रात्री झोंबी येतात. रक्तपात दाखवत नाहीत, तरी लहान मूल दचकू शकते. त्याच्यासाठी क्रिएटिव्हच बरा. युरोपात या गेमवर ७ वर्षांपुढचा, तर अमेरिकेत १० वर्षांपुढचा शिक्का आहे. मात्र हा शिक्का गेममधल्या चित्रांपुरता असतो. त्यात भेटणाऱ्या माणसांची हमी कुणीच देत नाही.

यात शिकण्यासारखेही आहे. इथे एक ठोकळा म्हणजे एक मीटर. नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप १२० फूट उंच, म्हणजे साधारण ३७ ठोकळे. चौकोनी ठोकळ्यांतून गोल घुमट उभा करायचा तर प्रत्येक थराला किती ठोकळे आत सरकवायचे हे मोजावेच लागते. वहीवर गणिताला कंटाळणारे मूलही हे मोजत बसते. संयुक्त राष्ट्रांची वस्त्यांवर काम करणारी संस्था २०१२ पासून हाच गेम वापरते. नैरोबीच्या किबेरा वस्तीत आणि आपल्या मुंबईतही रहिवाशांनी त्यावर आपल्या मोकळ्या जागेचे आराखडे रचून दाखवले.

पण आपल्या घरातला प्रश्न थोडा वेगळा आहे. खरा माइनक्राफ्ट मोबाइलवर विकत घ्यावा लागतो. म्हणून मुले नावात ‘क्राफ्ट’ असलेल्या फुकट नकला उतरवतात. त्यांत दर थोड्या वेळाने जाहिरात येते आणि जाहिरातीत काय येईल ते आपल्या हातात नसते. त्याहून वाईट म्हणजे मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलेली ‘एपीके’ फाइल. ती प्ले स्टोअरच्या बाहेरची असते आणि तिच्यातून फोनमध्ये चोर शिरू शकतो. घरात फोन एकच असतो. आईचे पगाराचे खाते, फोन-पे, ओटीपी, शाळेचा ग्रुप, सगळे त्यातच. त्यामुळे फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अनोळखी ॲप बसवण्याची परवानगी बंद करा. प्ले स्टोअरमध्ये खरेदीला पासवर्ड लावा. यूपीआय पिन मुलाला सांगू नका, तो कितीही हुशार असला तरी. बऱ्याच फोनमध्ये ‘ॲप पिन’ करण्याची सोय असते. ती चालू केली की मुलाला गेम सोडून दुसरीकडे जाता येत नाही.

रोब्लॉक्समध्येही माणसे ठोकळ्यांचीच दिसतात, म्हणून घरचे दोन्ही एकच समजतात. ते तसे नाही. रोब्लॉक्समध्ये लोकांनीच बनवलेले असंख्य गेम असतात. त्यातला एक चांगला निघाला म्हणून दुसरा चांगला असेल असे नाही.

अनोळखी माणसाशी बोलणे, खरी भीती तिथे आहे. माइनक्राफ्ट एकट्याने, नेट बंद ठेवूनही खेळता येतो, आणि लहान मुलाने तसाच खेळावा. खाते उघडताना वय खोटे वाढवू नका, कारण लहान वयाच्या खात्याला मिळणारे संरक्षण त्याने जाते. गेममध्ये कुणी फोटो, नंबर किंवा राहण्याचे ठिकाण विचारले, “घरी सांगू नकोस” म्हटले, तर लगेच घरी सांगायचे हे मुलाला आधीच सांगून ठेवा. सांगितल्यावर मारू नका. मार मिळाला तर पुढच्या वेळी ते लपवेल.

वेळेचे काय? भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २ ते ५ वर्षांच्या मुलांना एक तासाच्या आत आणि ५ ते १० वर्षांच्या मुलांना दोन तासांच्या आत स्क्रीन सांगितली आहे. त्यात टीव्हीही आला. दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही चालूच असतो, तेव्हा हा हिशेब मोठ्यांनाही पाळावा लागेल. झोपण्यापूर्वी तासभर फोन बाजूला राहू द्या. “बाहेर जाऊन खेळ” म्हणणे सोपे असते, पण गल्लीत गाड्या लावलेल्या असतात हे खरे आहे. तरी डोळ्यांना रोज उजेडात राहणे हवेच. आणि फोन मिळतो तो बहुधा मुलालाच. बहीण तेव्हा भांडी घासत असते. घुमट तिलाही रचू द्या.

फोन काढून घेतला की मूल चिडतेच, तेवढ्यावरून व्यसन म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटना गेमिंगचा विकार म्हणते तेव्हा खेळण्यावर ताबा उरलेला नसतो, शाळा, जेवण, मित्र मागे पडतात, नुकसान दिसूनही खेळणे चालूच राहते, आणि हे साधारण वर्षभर टिकते. पण शाळा बुडू लागली किंवा झोप उडाली तर वर्षाची वाट पाहत बसू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येते. मुलाला कुणी त्रास देत असेल तर १०९८. खात्यातून पैसे गेले तर त्याच तासाला १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा.