मला इंग्रजी येत नाही

गेल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला उभा राहून मी म्हणालो, ‘इंग्लिश इज नॉट कमिंग टू मी.’ वर्ग हसला. दिंडोरीहून एस.टी.ने नाशिकला येताना हेच वाक्य मी मनात तीनदा घोकले होते!

चूक कोठे झाली, ते पुढे व्याकरण चाळताना कळले. मराठीत मला ताप आला, आठवण आली, हसू आले. ‘मी’ चतुर्थी घेऊन बाजूला बसतो, आणि क्रियापद चालते तापाच्या, आठवणीच्या, हसण्याच्या लिंगाप्रमाणे. भाषाही तशीच ‘मला येते’. इंग्रजीत मात्र ‘आय’ कर्ता होऊन पुढे उभा, तोही नेहमी कॅपिटल! आय रिमेंबर, आय नो. म्हणजे मी शब्द तेवढे बदलले. वाक्य मराठीच राहिले. हिंदीवाल्यांचीही ‘मुझे’मुळे हीच गत होत असणार.

राज्यात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. मीही तसाच शिकलो. स्पेलिंगे पाठ झाली, हे मात्र कोणी सांगितले नाही.

द्राक्षांवरच्या औषधाचे लेबल पुढे करून वडील विचारतात, ‘तुला येतं ना रे इंग्रजी?’ ‘येतं,’ मी सांगतो. वर्गात ‘आय’ म्हणताना आवाज अजून खाली जातो.