अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली

कपाटाची किल्ली हरवली तर तुम्ही काय कराल? कुलूपवाल्याला बोलवाल. तो कुलूप उघडेल, नाहीतर फोडेल; आतले कपडे मात्र जसेच्या तसे मिळतील. आता अशा कपाटाची कल्पना करा, की ते फोडले तर आतल्या साऱ्या कपड्यांचे सुतासुताने विस्कटलेले ढीग हाती येतील! असे कपाट गेल्या उन्हाळ्यात देवपुरात आमच्या भौतिकशास्त्र विभागात येऊन पडले. ते कपाट म्हणजे एक लॅपटॉप होता.

विभागातील एका मॅडमनी नोकरी सोडली. परगावी जाताना त्यांनी विभागाचा लॅपटॉप परत केला. झाकण उघडले तर पडद्यावर त्यांचे नाव आणि खाली पासवर्डसाठी रिकामी चौकट. पासवर्ड सांगायचे त्या विसरल्या होत्या आणि विचारायचे आम्ही! लॅपटॉप रीसेट करून कोरा करणे अवघड नव्हते. पण विद्यार्थ्यांनी सौरघटांवर तीन वर्षे घेतलेली मापने त्यात होती आणि त्यांची दुसरी प्रत नव्हती.

आमचे प्रयोगशाळा साहाय्यक अण्णा म्हणाले, "सर, आतला सेल काढून पुन्हा बसवू. जुन्या संगणकांचा पासवर्ड असाच जायचा." त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पण ते कोणत्या कुलपाला लागू पडते, हे आधी पाहायला हवे होते. लॅपटॉपला एक नव्हे, चार ठिकाणी कुलूप असू शकते.

पहिले कुलूप पडद्यावरचे. हा फाटकावरचा रखवालदार. डिस्कवरील मजकूर साध्या रूपात असेल, तर ती डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की सारे वाचता येते. रखवालदार फाटकावरच उभा राहतो आणि मागची भिंत उघडी!

दुसरे कुलूप मुख्य पाटीवरचे. संगणक सुरू होतानाच तो पासवर्ड मागतो. जुन्या संगणकांत हा पासवर्ड ज्या स्मृतीत असे, तिला ३ व्होल्टचा नाण्याएवढा घट सतत वीज पुरवी. घट काढला की स्मृती पुसली जाई. अण्णांचा अनुभव तो हाच. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये हा पासवर्ड विजेवाचून टिकणाऱ्या स्मृतीत असतो. तेथे इलेक्ट्रॉन सिलिकॉन डायऑक्साइडच्या विसंवाहक थराने वेढलेल्या जागेत कोंडलेले असतात. वीज नसली तरी ते वर्षानुवर्षे तेथेच राहतात. घट काढून त्यांचे काहीच बिघडत नाही.

तिसरे कुलूप प्रत्यक्ष मजकुराचे. येथे डिस्कवरचे प्रत्येक अक्षर सांकेतिक रूपात लिहिलेले असते. आमच्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेले संशोधन मंडळ आहे. तेथील मोडी कागद तुम्हाआम्हाला वाचता येत नाहीत. पण मोडी शिकलेल्या कोणालाही येतात. सांकेतिक मजकुराचे तसे नाही. मांडणीची रीत साऱ्या जगाला ठाऊक असली, तरी किल्लीवाचून तो वाचता येत नाही. रीत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुपित फक्त किल्लीत असावे, हे तत्त्व ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ साली मांडले. आज सर्वत्र वापरात असलेली एईएस ही रीत डेमन व राइमेन या दोन बेल्जियन शास्त्रज्ञांची. अमेरिकेने ती २००१ साली प्रमाण म्हणून स्वीकारली आणि ती कोणालाही वाचता येते.

मग साऱ्या किल्ल्या एकेक करून का लावून पाहू नयेत? हिशेब करू या. किल्ली १२८ बिटांची असेल, तर शक्य किल्ल्या २ चा १२८ वा घात, म्हणजे सुमारे ३.४ × १०^३८ इतक्या. सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या तपासणारे यंत्र घेतले, तरी सर्व तपासायला सुमारे १०^१९ वर्षे लागतील. विश्वाचे वय आहे सुमारे १३८० कोटी वर्षे. त्याच्या सत्तर कोटी पटींहूनही हा काळ मोठा!

चौथे कुलूप लॅपटॉपमध्ये नसतेच. ते दूरच्या संगणकावर असते. काही संस्था आपली यंत्रे तेथे नोंदवून ठेवतात. असे यंत्र संपूर्ण पुसले, तरी इंटरनेटला जोडताच ते पुन्हा मूळ संस्थेचे खाते मागते. ही नोंद संस्थेनेच काढावी लागते. जुना लॅपटॉप विकत घेताना हे जरूर विचारा.

आमच्या लॅपटॉपला पहिले आणि तिसरे कुलूप होते. अण्णांनी घट काढून पुन्हा बसवला आणि पडद्यावर नवीच मागणी आली : ४८ अंकांची किल्ली द्या! असे का व्हावे? डिस्कची किल्ली आत एका छोट्या सुरक्षा चिपच्या ताब्यात असते. सुरू होताना यंत्राची मांडणी नेहमीसारखी आहे ना, हे ताडून पाहूनच ती चिप किल्ली सोडते. घट काढल्याने मांडणी बदलली आणि चिपला संशय आला.

शेवटी जे आधी करायचे, ते केले. मॅडमना फोन लावला. त्यांनी पासवर्ड लगेच सांगितला, पण आता तेवढ्याने भागणार नव्हते. सुदैवाने ती ४८ अंकी किल्ली त्यांच्या खात्यात जपलेली होती. सहा-सहा अंकांचे आठ गट त्या वाचू लागल्या. पाचव्या गटाशी यंत्र अडले. मी एक अंक चुकीचा ऐकला होता. पण किल्ली पुरी होण्याआधीच यंत्राला ते कसे कळले?

या विंडोजच्या बिटलॉकर किल्लीतील प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो. ११ ची कसोटी तुम्हाला ठाऊक आहेच. २७१५७९ हा गट घ्या : २ − ७ + १ − ५ + ७ − ९ = −११. भाग जातो. ५ च्या जागी ६ ऐकला तर बेरीज −१२. भाग जात नाही. कोणताही एक अंक चुकला, किंवा शेजारचे दोन भिन्न अंक उलटसुलट झाले, तरी चूक पकडली जाते. का, ते कागदावर सिद्ध करून पाहा.

किल्ली लागली. आम्ही मापनांच्या दोन प्रती काढल्या, मॅडमचे खासगी कागद त्यांना पाठवले आणि मगच लॅपटॉप रीसेट केला. जुनी किल्ली नष्ट झाली, की डिस्कवर उरलेला सांकेतिक मजकूर म्हणजे निव्वळ अंकांचा गोंधळ. म्हणूनच रीसेट ही किल्ली शोधण्याची युक्ती नव्हे. ती किल्ली कायमची फेकून देण्याची क्रिया आहे. यंत्र परत मिळते, मजकूर नाही.

आता आमच्या विभागाच्या नोंदवहीत एक नवा रकाना आहे. लॅपटॉप परत घेताना देणाऱ्याने समोर बसून तो उघडून दाखवायचा, खाते काढायचे आणि मगच सही करायची. तुमच्या शाळेतही लॅपटॉप असतीलच. त्यांच्या किल्ल्या कोठे लिहून ठेवल्या आहेत, हे उद्याच आपल्या सरांना विचारा.