ऑर्गनवादक परीक्षक होतो तेव्हा

‘ऑर्गन’ हा शब्द ऐकताच मराठी श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर संगीत नाटकाचा रंगमंच उभा राहतो. पायांनी भाता हलवीत नटाच्या गळ्याला सुरांचा आधार देणारा साथीदार आपल्या परिचयाचा आहे. गंधर्व नाटक मंडळीच्या काळापासून आपण त्या वाद्याला घरचेच मानीत आलो आहोत. परंतु त्या पायपेटीचे आणि युरोपातील मोठ्या चर्चमधील ऑर्गनचे नाते, घरातील देव्हाऱ्याचे आणि हेमाडपंती देवालयाचे असावे, तसे आहे. पेटीत सूर निघतो तो धातूच्या पातळ जिभेतून. चर्चच्या ऑर्गनमध्ये तो नळ्यांतून निघतो आणि या नळ्यांची संख्या कित्येक ठिकाणी काही हजारांच्या घरात जाते. सर्वांत लहान नळी पेन्सिलीएवढी, तर मोठी नळी दुमजली घराइतकी उंच. वादकापुढे स्वरपट्ट्यांच्या दोन, तीन, क्वचित चार ओळी एकावर एक रचलेल्या असतात. पायांसाठी लाकडी पट्ट्यांची आणखी एक ओळ असते, आणि तिच्यावर भाता चालवावयाचा नसून खरोखरीचे राग-आलाप म्हणावेत असे स्वर वाजवावयाचे असतात.

या वाद्याच्या वादकांची स्पर्धा भरते तेव्हा परीक्षकाच्या आसनावर कोण बसतो, तो तेथवर कसा येऊन पोहोचतो आणि त्याच्या निकालाला किती किंमत असते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. ऑर्गनवादक आणि गायकवृंदाचा नायक ही दोन माणसे अनेकदा एकच असतात. म्हणून दोघांचा विचार बरोबरच करावा लागेल.

इंग्लंडमधील डेव्हिड विलकॉक्स यांचे उदाहरण घेऊ. त्यांनी वेस्टमिन्स्टर ॲबीच्या गायकवृंदात बालगायक म्हणून प्रवेश केला, तो शाळकरी वयात. आवाज फुटला की मुलाचे गाणे थांबते. मग हे मूल ऑर्गनच्या बाकावर जाऊन बसते. १९३९ साली त्यांना केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजची ऑर्गनसाठीची शिष्यवृत्ती मिळाली. मध्येच महायुद्ध आले, ते सैन्यात गेले आणि शौर्यपदक मिळवून परतले. १९४७ साली सॉल्सबरीच्या कॅथीड्रलमध्ये, १९५० साली वूस्टरमध्ये आणि १९५७ साली पुन्हा किंग्ज कॉलेजात, असा हा क्रम आहे. १९७४ पर्यंत तेथील मुलांना त्यांनी गाणे शिकविले आणि त्यानंतर दहा वर्षे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकचे संचालकपद सांभाळले. वरकरणी ही पदांची यादी दिसते. पण या पदांचा अर्थ असा, की आठवड्यातून बहुतेक दिवस, सकाळी शाळेपूर्वी आणि सायंकाळी प्रार्थनेपूर्वी, आठ ते तेरा वर्षांच्या मुलांपुढे उभे राहून एकाच ओळीतील एकाच शब्दाचा स्वर नीट लागेपर्यंत ती ओळ म्हणवून घ्यावयाची. मुले दर वर्षी मोठी होतात, आवाज गमावतात आणि जातात, नवी येतात, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून आरंभ. कुंभाराचे मडके निदान भाजले की टिकते. येथे चाकावरून माती उतरत नाही तोच ती नाहीशी होते! अशा तीस-चाळीस वर्षांच्या परिश्रमातून जो कान तयार होतो, तोच पुढे स्पर्धेच्या परीक्षकाचे भांडवल ठरतो.

आता प्रश्न असा, की असा जाणता परीक्षक लाभला म्हणजे गुणी माणसाला न्याय मिळतोच काय? या संदर्भात १७२० सालची हॅम्बुर्ग शहरातील हकीकत विचार करावयास लावणारी आहे. तेथील सेंट याकोबी चर्चमध्ये आर्प श्निटगर या विख्यात कारागिराने बांधलेला साठ स्टॉपांचा, चार पट्ट्यांचा भव्य ऑर्गन होता. आजही तो तेथे आहे. त्या वर्षी चर्चचा ऑर्गनवादक मृत्यू पावला आणि जागा रिकामी झाली. अर्जदार आठ होते. त्यांत पस्तीस वर्षांचे योहान सेबास्टियन बाख होते. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात, ते आपल्या राजाबरोबर परगावी असताना, त्यांची पत्नी वारली होती. पदरी लहान मुले होती.

बाख यांनी त्या दिवसांत हॅम्बुर्गच्या सेंट कॅथरीन चर्चमध्ये वादन केले. ऐकावयास योहान आदाम राइन्केन हे वयोवृद्ध वादक बसले होते. जुन्या चरित्रांत त्यांचे वय सत्याण्णव सांगितलेले आढळते. आजच्या संशोधकांच्या मते ते सत्त्याहत्तरच्या आसपास असावे. बाख यांनी एका प्रार्थनागीताची चाल घेतली आणि जवळजवळ अर्धा तास तिचा विस्तार केला. ही चाल निवडण्यात मोठे औचित्य होते, कारण याच चालीवर राइन्केन यांची स्वतःची एक प्रदीर्घ रचना प्रसिद्ध होती. म्हणजे एखाद्या घराण्याच्या बुजुर्गापुढे बसून त्यांच्याच खास चिजेची मांडणी करावी, तसा हा प्रसंग होता. राइन्केन कौतुकात कंजूष म्हणून ओळखले जात. पण वादन संपल्यावर, ही विद्या लोपली असे आपणांस वाटत होते, ती तुमच्या ठायी जिवंत आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले, असे बाख यांच्या मृत्युलेखात नमूद आहे.

सेंट याकोबीच्या निवडीसाठी नेमलेल्या परीक्षकांत हे राइन्केनही होते. चाचणीचा दिवस २८ नोव्हेंबर ठरला. परंतु बाख यांना आपल्या राजाच्या सेवेसाठी त्यापूर्वीच परतावे लागले. तरीही चर्चच्या समितीने त्यांच्या पत्राची वाट पाहिली. अखेर १९ डिसेंबरला निवड झाली ती योहान योआखिम हाइटमान यांची, आणि पुढच्या जानेवारीत हाइटमान यांनी चर्चच्या तिजोरीत ४,००० मार्क भरले. जागेच्या बदल्यात देणगी देण्याची पद्धत त्या चर्चमध्ये उघडच चालत असे. तेथील धर्मोपदेशक नॉयमाइस्टर यांना मात्र ही गोष्ट फार लागली. नाताळच्या प्रवचनात ते म्हणाले, की बेथलेहेमच्या देवदूतांपैकी एखादा खाली उतरून येथे ऑर्गनवादक होऊ पाहील, तर पैसे नसल्यास त्यालाही आल्या वाटेने उडून जावे लागेल. ही हकीकत माटेसोन या समकालीन लेखकाने लिहून ठेवली आहे. हाइटमान अगदीच सामान्य वादक होते, असे म्हणावयास आपल्याजवळ आधार नाही. पण परीक्षकांचा कान आणि समितीचा हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे मात्र त्या डिसेंबरात स्पष्ट झाले.

विसाव्या शतकात ऑर्गनवादनाच्या ज्या स्वतंत्र स्पर्धा निघाल्या, त्यांत चर्चची नोकरी पणाला लागलेली नव्हती. तेथे केवळ वादन ऐकावयाचे आणि क्रम लावावयाचा. नेदरलँड्समधील हार्लेम येथे १९५१ पासून उत्स्फूर्त वादनाची स्पर्धा भरू लागली. ज्या ऑर्गनवर दहा वर्षांच्या मोझार्टने १७६६ साली वादन केले होते, त्या १७३८ च्या वाद्यावर ती होते. स्पर्धकाला एक अपरिचित स्वरवाक्य देण्यात येते आणि त्यातून त्याने तेथल्या तेथे संपूर्ण रचना उभी करावयाची असते. ख्यालाच्या बंदिशीतून विस्तार करणाऱ्या आपल्या गायकांना यात नवल वाटणार नाही. पण छापील स्वरलिपीवर पोसलेल्या पाश्चात्त्य संगीतात ही विद्या चर्चच्या ऑर्गनवादकांनीच मुख्यतः जपून ठेवली. याचे कारण व्यावहारिक आहे. मिरवणूक वेदीपाशी पोहोचेपर्यंत वाजवीत राहावयाचे, आणि ती कधी पोहोचेल हे कोणत्याच स्वरलिपीत लिहिलेले नसते. पीट के या डच वादकाने १९५३, १९५४ आणि १९५५ अशी लागोपाठ तीन वर्षे हार्लेमची स्पर्धा जिंकली आणि पुढे ते त्याच शहराचे ऑर्गनवादक झाले.

इंग्लंडमध्ये सेंट ऑल्बन्स येथील ॲबीचे संगीतप्रमुख पीटर हरफर्ड यांनी १९६३ साली आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. येथे परीक्षकाच्या कामातील खरी अडचण समजून घेतली पाहिजे. पियानोवर बोटाच्या दाबाने स्वर लहानमोठा होतो. ऑर्गनवर तसे होत नाही. पट्टी हळू दाबा किंवा जोरात, नळी सारख्याच आवाजाने बोलते, आणि बोट उचलेपर्यंत बोलतच राहते. मग वादनात जिवंतपणा येतो कोठून? तो येतो दोन स्वरांमधील मौनातून. स्वर केव्हा सोडावयाचा, पुढचा स्वर घेण्यापूर्वी किती सूक्ष्म फट ठेवावयाची, यावर सारी मदार असते. त्यात भर म्हणून दगडी इमारतीत नाद काही सेकंद घुमत राहतो. द्रुत लयीत तुटक वाजविले तर ते खाली बसलेल्या श्रोत्याला सुस्पष्ट वाटते आणि जोडून वाजविले तर चिखल होतो. शिवाय प्रत्येक ऑर्गन निराळा. व्हायोलिनवादक आपले वाद्य बगलेत घेऊन येतो. ऑर्गनवादकाला मात्र परक्या वाद्याशी ठरवून दिलेल्या थोड्या तासांत ओळख करून घ्यावी लागते. कोणता स्टॉप ओढला असता कोणत्या नळ्या बोलतील आणि त्या इमारतीच्या कोणत्या कोपऱ्यात जातील, हे त्याने एवढ्या अवधीत ताडावयाचे असते. परीक्षक हाच उद्योग आयुष्यभर करीत आला असल्यामुळे स्पर्धकाने काय साधले याबरोबरच कशाशी झुंज दिली, हेही त्याला ऐकू येते. हे ज्ञान पुस्तकांतून येत नाही.

एक गोष्ट मला विशेष वाटते. ऑर्गनचा वादक वर, नळ्यांच्या आड कोठेतरी बसलेला असतो; खाली बसलेल्यांना तो सहसा दिसतच नाही. कित्येक स्पर्धांत नावाऐवजी केवळ क्रमांक पुकारतात. आपल्याकडे आकाशवाणीने १९५० नंतरच्या दशकात कलावंतांच्या चाचण्या सुरू केल्या, त्यांतही कलावंत एका खोलीत आणि परीक्षक दुसऱ्या खोलीत, अशी योजना होती. डॉ. बाळकृष्ण केसकर मंत्री असतानाचा आणि श्रीकृष्ण रातंजनकर परीक्षक मंडळात असतानाचा तो काळ. त्या चाचण्यांवरून केवढे वादळ उठले, हे जुन्या श्रोत्यांकडून अनेकांनी ऐकले असेल. नामवंतांना आपली परीक्षा व्हावी हेच मानवले नाही. पण नाव, रूप आणि वशिला बाजूस सारून केवळ नाद ऐकावयाचा, ही त्यामागील कल्पना अनाठायी होती असे मला वाटत नाही.

समूहगायनाच्या परीक्षकाचे काम याहून उघड्यावरचे आहे. ब्रिटिश बेटांतील संगीतमहोत्सवांत अशी चाल आहे, की सर्व गायकवृंद गाऊन झाले की परीक्षकाने व्यासपीठावर जावे आणि प्रत्येक वृंदाविषयी सर्वांदेखत बोलून निकाल द्यावा. वाद्यांच्या साथीवाचून गाणाऱ्या वृंदाचा सूर हळूहळू खाली उतरतो. अखेरीस तो किती उतरला, हे परीक्षक पियानोची पट्टी दाबून पडताळू शकतो, आणि पट्टी खोटे बोलत नाही. पण स्वरांची एकरूपता, शब्दोच्चार, श्वासाच्या जागा यांविषयी मत देताना समोर गिरणीतले कामगार, खाणीतले मजूर, शाळेतली मुले बसलेली असतात आणि त्यांनी वर्षभर रात्री जागवून तालीम केलेली असते. ग्लासगोचे ह्यू रॉबर्टन हे अशा परीक्षकांत नावाजलेले. त्यांचा मूळ धंदा अंत्यसंस्काराची व्यवस्था करण्याचा. १९०६ साली त्यांच्या नेतृत्वाखाली ग्लासगो ऑर्फियस हा गायकवृंद उभा राहिला आणि १९५१ पर्यंत तो गात होता. रॉबर्टन युद्धविरोधी होते. त्यापायी दुसऱ्या महायुद्धात काही काळ ब्रिटिश नभोवाणीने त्यांच्या वृंदाला दार बंद केले. संगीतकार व्हॉन विल्यम्स यांनी याचा जाहीर निषेध केला. आयुष्यभर दुसऱ्यांना गुण देणाऱ्या या माणसाला स्वतः ज्या परीक्षेला बसावे लागले, तिचा सुरांशी काही संबंध नव्हता.

आपल्या देशात या परंपरेची एक शाखा गोव्यात रुजली. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी, गायन आणि व्हायोलिन शिकविले जाई; शिकविणारा संगीतशिक्षकच रविवारी वृंदगान चालवी. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस अशाच एका चर्चच्या वृंदनायकाचे चिरंजीव. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वाद्यवृंदाची रचना करण्यात त्यांनी नाव मिळविले, आणि संगीतकार प्यारेलाल यांनी त्यांच्याकडे व्हायोलिनचे धडे घेतले.

ऑर्गनवादकांचे जग तसे लहान आहे, आणि घराण्यांचा प्रश्न तेथेही आहेच. लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये कार्ल श्ट्राउबे यांच्यानंतर त्यांचे शिष्य ग्युंटर रामीन, आणि रामीन यांचे शिष्य कार्ल रिष्टर १९४९ साली तेथे ऑर्गनवादक झाले. १९५० च्या लाइपझिग बाख स्पर्धेत ऑर्गनचे पहिले पारितोषिक रिष्टर आणि आमाडेउस वेबरझिंके यांना विभागून मिळाले. एवढ्याशा वर्तुळात परीक्षकाला आपला किंवा आपल्या मित्राचा शिष्य समोर येणार, हे टळत नाही. म्हणून निरनिराळ्या देशांतील, निरनिराळ्या परंपरांतील परीक्षक एकत्र बसविण्याकडे कल वाढला. एका देशात शुद्ध मानलेली रीत दुसऱ्या देशात रुक्ष ठरते, आणि मग निकालाच्या खोलीतील चर्चा रात्री उशिरापर्यंत लांबते.

या वर्तुळाबाहेर दीर्घकाळ राहिल्या त्या स्त्रिया. बालगायकांच्या शिडीवर मुलींना पाय ठेवावयास जागाच नव्हती. सॉल्सबरी कॅथीड्रलने मुलींचा स्वतंत्र गायकवृंद स्थापन केला तो १९९१ साली. परंतु सेंट ऑल्बन्सच्या स्पर्धेचे पहिले पारितोषिक १९६३ साली सूझन लँडेल यांना आणि १९६४ साली जिलियन वीअर यांना मिळाले. वीअर या न्यूझीलंडमधील मार्टिनबरो या लहान गावच्या. पारितोषिक मिळाले तेव्हा त्या लंडनमध्ये विद्यार्थिनी होत्या. पुढच्याच वर्षी त्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये वाजवू लागल्या. कोणत्याही कॅथीड्रलचे पद न घेता त्यांनी मैफलीची वादक म्हणून देशोदेशी नाव मिळविले, आणि त्यानंतर अनेक आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्या परीक्षकाच्या आसनावर बसल्या.