कावेरीच्या ओघाने चोळमंडळ

तमिळनाडूला निघालेल्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम बहुतेक वेळा ठरलेला असतो. मदुरै, रामेश्वरम, कन्याकुमारी आणि वाटेत अर्धा दिवस तंजावर. बृहदीश्वराचं मोठं देऊळ बघायचं, राजवाड्यात भोसल्यांच्या तसबिरींपुढे जरा थांबायचं आणि अंधार पडायच्या आत पुढचा मुक्काम गाठायचा. अशा धावपळीत तंजावर पाहून होतं, पण ज्या मुलखानं तंजावर घडवलं तो मात्र राहून जातो. तिरुचिरापल्लीच्या पूर्वेला कावेरी उघडलेल्या पंजासारखी पसरते आणि अनेक फाट्यांनी बंगालच्या उपसागराकडे जाते. या त्रिभुज प्रदेशात हजार वर्षांची शहरं आहेत, नजर पोचेल तिथवर भातखाचरं आहेत, खारफुटी आणि मिठागरं आहेत, शिवाय चोळांपासून डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांपर्यंत अनेकांनी वापरलेली बंदरं आहेत. गाडीनं एका दिवसात पार होईल एवढाच हा टापू. तो बघावा मात्र पाण्याच्या दिशेनं, वरून खाली.

सुरुवात कल्लणैपासून करावी. तिरुचिरापल्लीहून तासाभरात पोचता येतं असा हा बंधारा, करिकाल चोळानं साधारण दुसऱ्या शतकात बांधला अशी परंपरा आहे. इथली अडचण अशी की कावेरीतून फुटलेल्या कोळ्ळिडम नदीचं पात्र जास्त खोल आहे. मोकळं सोडलं तर पाणी तिकडे वळणार आणि दक्षिणेची शेतं कोरडी राहणार. म्हणून वाळूतच दगड रचून एक वळणदार बांध घातला गेला. नेहमीचं पाणी त्यानं शेतांकडे राहिलं आणि पुराचं जास्तीचं पाणी कोळ्ळिडमकडे निघून गेलं. एकोणिसाव्या शतकात कंपनी सरकारचा इंजिनिअर आर्थर कॉटन इथे आला. सुट्या वाळूवर एवढं जड काम कसं टिकलं, याचा त्यानं अभ्यास केला आणि त्याच धड्यावर १८३६ साली वरच्या अंगाला कोळ्ळिडमच्या तोंडाशी नवा बंधारा बांधला. जुना बांध नव्या दरवाजांसह आजही कामात आहे. पुराणवस्तू म्हणून कुंपणात बंद झालेला नाही.

कल्लणैला पाणी वाटलं जातं. कावेरी, वेण्णार आणि एक मोठा कालवा इथून निघतात, पुढे त्यांना शेकडो पाट फुटतात. वर मेट्टूर धरणाचे दरवाजे साठा पुरेसा असेल त्या वर्षी १२ जूनला उघडतात, आणि ती तारीख इथल्या शेतकऱ्याला तोंडपाठ असते. त्या पाण्यावर आधी कुरुवै हे कमी मुदतीचं भात येतं, मग सांबा. कर्नाटकाशी चाललेला पाण्याचा तंटा इथे बातमीपुरता राहत नाही. दरवाजे लांबले की पहिलं पीकच हातचं जातं. ऑगस्टच्या सुरुवातीला, आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी बायका नदीकाठी जमतात आणि कावेरीची गर्भारशी म्हणून पूजा करतात. पाणी आणि पीक यांचं नातं यापेक्षा स्पष्ट सांगायला नको.

हे पाणी पाहिलं की मगच तंजावरचं मोठं देऊळ उलगडतं. राजराज चोळानं १०१० साली पूर्ण केलेलं हे मंदिर आसपास ग्रॅनाइटचा डोंगर नसलेल्या सपाट मैदानात उभं आहे, आणि त्याचं शिखर साठ मीटरच्या वर जातं. एवढा दगड, एवढी माणसं आणि एवढं धान्य कुठून आलं? उत्तर देवळाच्या जोत्यावरच कोरलेलं आहे. कोणत्या गावानं किती भात द्यायचं याचा हिशेब तिथे आहे. त्यात श्रीलंकेतली गावंही आहेत. देवळासाठी वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेल्या चारशे नर्तिकांची नावं, त्यांना दिलेली घरं, त्यांचा वाटा, सगळं दगडावर नोंदलेलं आहे. शिखराकडे बघून मान दुखेपर्यंत थांबणारे प्रवासी खाली वाकून ही अक्षरं बघत नाहीत, हे नुकसानच.

याच आवारात मराठी वाचकानं जरूर शोधावा असा एक लेख आहे. नैऋत्येकडच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास. देवनागरी अक्षरं, मराठी भाषा, आणि लांबी एवढी की चालत चालत वाचावा लागतो. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी १६७५ च्या सुमारास तंजावरचे राजे झाले. तेव्हापासून १८५५ मध्ये इंग्रजांनी वारस नसल्याचं कारण पुढे करून राज्य खालसा करेपर्यंत, म्हणजे सुमारे एकशे ऐंशी वर्षं, इथे मराठ्यांचं राज्य होतं. शाळेच्या इतिहासात या कारभाराला दोन ओळी मिळतात. भिंतीवरचा लेख पाहिल्यावर त्या फार तोकड्या वाटतात.

लेख कोरवून घेतला तो सरफोजीराजे दुसरे यांनी. १७९९ मध्ये इंग्रजांनी राज्यकारभार काढून घेतला आणि किल्ल्यापुरती सत्ता ठेवली. या राजानं मग पुस्तकांचं राज्य उभारलं. मराठ्यांआधीच्या नायक राजांच्या काळापासूनच्या ग्रंथसंग्रहात त्यांनी एवढी भर घातली की सरस्वती महाल हे ग्रंथालय आज त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. काशीयात्रेला गेले तेव्हाही हस्तलिखितं गोळा करून आणली. ताडपत्रांवरच्या तमिळ आणि संस्कृत पोथ्या, तीन हजारांवर मराठी हस्तलिखितं, युरोपातून मागवलेली शारीरशास्त्राची आणि वनस्पतींची पुस्तकं, राजवाड्यात डोळ्यांवर उपचार घेतलेल्या रुग्णांच्या चित्रांसह नोंदी, दरबारी स्वयंपाकाचा ग्रंथसुद्धा तिथे आहे. १९१८ पासून ग्रंथालय सर्वांसाठी खुलं झालं. मोडीतल्या दफ्तराची बासनंही इथे आहेत, आणि मोडी शिकणाऱ्या महाराष्ट्रातल्या तरुणांनी पुण्याच्या पेशवे दफ्तराइतकंच या दफ्तराकडेही वळायला हवं.

सरफोजींनी १८०५ साली राजवाड्यात छापखाना काढला. तिथे इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या, मुंबईत मराठी छपाई रुजण्याच्या पुष्कळ आधी. ही कल्पना कुठून आली, याचा माग काढत गेलं तर वाट थेट समुद्रावर पोचते. पण मध्ये कुंभकोणम आहे, आणि ते टाळून जाता येत नाही.

तंजावर ते कुंभकोणम अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. मोठा रस्ता सोडून तिरुवैयारूवरून गेलं तर उत्तम. कर्नाटक संगीताचे रचनाकार त्यागराज यांचं बहुतेक आयुष्य या नदीकाठच्या गावात गेलं, तेही मराठ्यांच्याच राज्यात, आणि १८४७ साली ते इथेच वारले. त्यांच्या पुण्यतिथीला, पौष वद्य पंचमीला, शेकडो गायक-वादक समाधीपाशी एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती गातात. ही समाधी बांधून घेतली ती बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेनं, स्वतःच्या कमाईतून. संगीतातली देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. मोरगावकर बुवांसारख्या कीर्तनकारांचं मराठी कीर्तन ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवं रूप दिलं. आजही तिथल्या भजनी परंपरेत अभंग गायले जातात. कुंभकोणमजवळ गोविंदपुरमला तर विठ्ठल-रखुमाईचं भव्य मंदिर उभं आहे.

कुंभकोणमला देवळं इतकी आहेत की यादी करत बसू नये. दारासुरमचं ऐरावतेश्वर मात्र चुकवू नये. बाराव्या शतकातल्या या देवळाचा मंडप घोडे जोडलेल्या रथाच्या रूपात घडवलेला आहे, आणि कोरीवकाम डोळ्यांच्या उंचीवर असल्यानं ते निवांत बघता येतं. तंजावरची भव्यता अंगावर येते. इथली जवळ बसवून घेते. सारंगपाणी देवळासमोरच्या रस्त्यावर गणिती रामानुजनचं लहानसं घर जपलेलं आहे. देऊळ, घर आणि कॉफी, तिन्ही एकाच गल्लीत.

शेजारच्या स्वामीमलैला नदीचं आणखी एक देणं दिसतं. इथले स्थपती पिढ्यान्‌पिढ्या काशाच्या मूर्ती ओततात. मेण आणि राळ यांची मूर्ती आधी करायची, तिच्यावर कावेरीच्या गाळाचे थर द्यायचे, वाळल्यावर तापवून मेण वाहून जाऊ द्यायचं आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. साचा फोडूनच मूर्ती बाहेर येते, त्यामुळे दुसरी हुबेहूब होत नाही. पहिल्या थराला लागणारी माती अतिशय मऊ हवी, नाहीतर नटराजाच्या बोटांची नखं उमटत नाहीत. ती माती इथल्या काठावर मिळते. जगभरच्या संग्रहालयांत मान मिळवलेल्या चोळ मूर्तींमागचं तंत्र अजून रोजच्या कामात आहे, आणि कार्यशाळांत ते बघता येतं.

पुढे पूर्वेला जावं तसे पाट वाढतात आणि नदी लहान होत जाते. पूम्पुहारला कावेरी समुद्राला मिळते तेव्हा ती एखाद्या ओढ्याएवढीच उरते. तळकावेरीपासून सुमारे आठशे किलोमीटर आलेली नदी अशी बारीक झालेली बघून वाईट वाटतं. पण तिचं पाणी वाया गेलेलं नाही, वाटेतल्या शेतांत गेलं आहे. शिलप्पदिकारम् या महाकाव्यातलं श्रीमंत बंदर ते हेच.

तिथून दक्षिणेला तरंगंबाडी. १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून डेन्मार्कच्या लोकांनी इथे किल्ला बांधला. पिवळसर भिंतींचा डान्सबोर्ग अजून समुद्राकडे तोंड करून उभा आहे. १७०६ मध्ये झिगेनबाल्ग हा जर्मन मिशनरी इथे उतरला, तमिळ शिकला, आणि बायबलचा नवा करार त्यानं तमिळमध्ये छापला. याच मिशनमध्ये १७५० साली श्वार्ट्झ आला, आणि पुढे तोच तरुण सरफोजींचा गुरू झाला. राजवाड्यातल्या मराठी छापखान्याचा माग या किनाऱ्यापर्यंत लागतो तो असा. श्वार्ट्झ वारल्यावर सरफोजींनी लंडनच्या शिल्पकार फ्लॅक्समनकडून त्याचं संगमरवरी स्मारक करून घेतलं. ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे.

या किनाऱ्यावर कोणा एकाचा शिक्का नाही. कारैकल एकेकाळी फ्रेंचांचं. नागपट्टिणमला राजराजाच्या काळात सुमात्राकडच्या श्रीविजय राजानं बौद्ध विहार बांधला होता, आणि त्याच्या खर्चासाठी चोळ राजानं गाव लावून दिलं होतं. शेजारच्या नागूरच्या दर्ग्याचा सगळ्यात उंच मिनार, सुमारे १३१ फुटांचा, तंजावरच्या प्रतापसिंह भोसल्यांनी बांधून दिला. दक्षिणेला वेलांकण्णीचं माउलीचं चर्च आहे. वीसेक किलोमीटरांच्या पट्ट्यात विहार, दर्गा आणि चर्च अशी तिन्ही नाती भेटतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत याच नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसं दगावली, आणि कोळीवाड्यांशी बोलताना ती आठवण अजून वर येते. इथे फिरताना तिचं भान ठेवावं.

त्याखाली जमीन पुन्हा बदलते. वेदारण्यमची मिठागरं लागतात. १९३० साली राजगोपालाचारी शंभरेक सत्याग्रहींसह तिरुचिरापल्लीहून चालत इथे आले आणि त्यांनी मिठाचा कायदा मोडला. पुढे कोडियाकरैचं अभयारण्य. तिथे काळवीट आहेत, आणि हिवाळ्यात दलदलीवर रोहित पक्षी उतरतात. मुत्तुपेट्टैला खारफुटीतून होडीनं जाता येतं. किनारा पश्चिमेला वळतो तिथे मनोरा ही सरफोजींनी बांधलेली षटकोनी, आठमजली इमारत दिसते. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाची ही खूण. ज्यांनी राज्य घेतलं त्यांच्या विजयाचं स्मारक त्या राजाला बांधावं लागलं, यात त्याच्या आयुष्याचा सगळा पेच आहे. समोरच्या उथळ समुद्रात, गवत खाऊन राहणाऱ्या डुगाँग या सस्तन प्राण्यासाठी २०२२ मध्ये देशातलं पहिलं संवर्धन क्षेत्र जाहीर झालं. त्याचा विस्तार ४४८ चौरस किलोमीटर आहे.

जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत. ईशान्य मोसमी पाऊस तोवर आवरलेला असतो, सांबा भात कापणीला आलेलं असतं, पक्षी कोडियाकरैला असतात, आणि तिरुवैयारूचा उत्सवही बहुधा याच काळात येतो. देवळं दुपारी बंद असतात. तो वेळ प्रवासाला ठेवावा. तंजावर आणि कुंभकोणम ही दोन्ही रेल्वेची स्थानकं आहेत, पण किनाऱ्यासाठी गाडी ठरवणं सोयीचं. कुंभकोणमच्या मोठ्या तळ्यावर बारा वर्षांनी भरणारा महामहम उत्सव २०१६ मध्ये झाला. पुढचा २०२८ मध्ये आहे आणि त्यासाठी लाखो लोक येतील, तेव्हा शांतपणे बघायची इच्छा असलेल्यांनी त्याचा मुहूर्त टाळूनच जावं.